माउंटन बाइकचा छोटा ब्रँड काढताय? या चुका टाळा

इंदूरच्या सायकलवाल्यांना डोंगर हवा असला की महूच्या पलीकडे जावं लागतं: चोरल, पातालपाणी, जानापाव. त्या वाटांसाठी स्वतःची सायकल काढावी असं वाटणारे आपल्यात बरेच आहेत. फ्रेमच्या नकाशावर ते महिनोन्महिने घालवतात आणि अडकतात मात्र पैशात.

पहिली चूक रंगांची. चार मापं आणि तीन रंग म्हटले की झाले बारा प्रकार, आणि कारखाना प्रत्येकाची किमान ऑर्डर सांगणार. मधली मापं उठतात, टोकाची पडून राहतात. सुरुवातीला एकच रंग ठेवा. कंटाळवाणा वाटला तरी चालेल.

धातू निवडताना हौस बाजूला ठेवा. ६०६१ ॲल्युमिनियम वेल्डिंगनंतर जोडाजवळ नरम पडतं, भट्टीत टी-६ प्रक्रिया करून ताकद परत आणावी लागते. ४१३० क्रोमोली या मिश्र पोलादाला ही भानगड नाही, म्हणून दहा-वीस फ्रेमच्या कामाला स्टीलच बरं, थोडं वजन वाढलं तरी. इंदूरजवळच्या पिथमपूरच्या कारखान्यांत वेल्डर पुष्कळ मिळतील, पण गाड्यांच्या जाड पत्र्यावर बसलेला हात एक मिलिमीटरहून पातळ नळीवर लगेच बसत नाही. आधी तुकड्यांवर सराव करून घ्या, आणि एक फ्रेम आयएसओ ४२१० या सायकल-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचण्यांत मोडण्यासाठीच बनवा.

मागचा टायर आणि फ्रेम यांच्यातली मोकळी जागा हिवाळ्यात तपासू नका. कोरड्यात २.४ इंची टायर छान फिरतो. आषाढात माळव्याची काळी माती थरावर थर चढवते आणि चेनस्टेपाशी, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्यांपाशी, चाक जाम होतं. मग ग्राहक सायकल खांद्यावर घेऊन परततो आणि तुमच्या ब्रँडचं नाव घेतो, तेही चांगल्या शब्दांत नव्हे.

सुट्या भागांत वेगळेपणा नको. आट्यांचा बॉटम ब्रॅकेट (क्रँक फिरतो ती बेअरिंगची जागा) आणि १४८ मिमीचा मागचा हब ठेवा. हँगर, म्हणजे मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) ज्यावर बसतो तो तुकडा, स्रॅम कंपनीने २०१९ साली आणलेल्या यूडीएच या सामायिक मापाचा घ्या. स्वतःच्या आकाराचा हँगर केलात तर तो आयुष्यभर तुम्हालाच पुरवावा लागेल.

‘फ्रेम कुरकुरते’ अशी तक्रार आली की लगेच फ्रेम परत मागवू नका. पेडल, सीटपोस्ट, क्रँकचे बोल्ट काढून, पुसून, ग्रीस लावून पुन्हा बसवायला सांगा. बहुतेकदा आवाज तिथलाच निघतो. पडल्यानंतर गिअर उड्या मारत असतील तर केबल पिळत बसण्याआधी हँगर वाकलाय का ते बघा.

नावाचे स्टिकर छापण्याआधी ते नाव आधीच कुणाचं नाही ना, याचा ट्रेडमार्कच्या वर्ग १२ मध्ये (वाहनांचा वर्ग) शोध घ्या.

आता हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. ऐकायला गोड, पण पोलादी नळ्यांवर तुम्ही १८ टक्के भरता. ही तफावत परताव्याचा अर्ज करून मिळवावी लागते, आणि तोवर तेवढं भांडवल अडकून राहतं. सीएला पहिल्या ऑर्डरच्या आधी भेटा, मार्चमध्ये नव्हे.