अर्थ न बदलता इंग्रजी होकारार्थी वाक्य नकारार्थी कसे करावे

नुसता 'नॉट' घातला की अर्थच उलटतो. सोबत विरुद्धार्थी शब्दही हवा: 'ही इज ऑनेस्ट'चे 'ही इज नॉट डिसऑनेस्ट'. मात्र 'हॉट'साठी 'नॉट कोल्ड' चालत नाही. कोमट पाणीही थंड नसतेच.

'ओन्ली' दिसला की तो कशाबद्दल आहे ते पाहा. व्यक्ती असल्यास 'नन बट', वस्तू असल्यास 'नथिंग बट', संख्या असल्यास 'नॉट मोर दॅन'.

खरी गडबड होते ती 'ॲज सून ॲज'मध्ये. 'ॲज सून ॲज द बेल रँग, दे लेफ्ट'चे 'नो सूनर डिड द बेल रिंग दॅन दे लेफ्ट' करा. भूतकाळ 'डिड'ने घेतला, म्हणून 'रँग'चे 'रिंग' झाले. 'लेफ्ट'ला हात लावायचा नाही. 'दॅन'च्या जागी 'व्हेन' तर मुळीच नको, तो 'हार्डली'चा जोडीदार.