पोस्टवरून स्वभाव जोखताना या चुका टाळा

समाजमाध्यमांवरील लेखनावरून व्यक्तिमत्त्वाचा अंदाज बांधायला शिकणारे नाशिकमधील माझे विद्यार्थी दरवर्षी त्याच चुका करतात. त्यांतील सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कोणता शब्द कोणत्या स्वभावगुणाकडे निर्देश करतो हे सांगणाऱ्या इंग्रजी शब्दयादीचे भाषांतर करून ती मराठी मजकुरावर चालवणे.

इंग्रजीत 'आय' या सर्वनामाचा अधिक वापर भावनिक अस्थिरतेशी काही प्रमाणात जोडलेला आढळतो, म्हणून एका विद्यार्थ्याने मराठीत 'मी' मोजला. 'पहाटेच बागेत गेलो, दुपारी जेवलोही नाही' या वाक्यात 'मी' कुठेही नाही, तरी बोलणारा क्रियापदात पुरेपूर हजर आहे, हे त्याच्या ध्यानात आले नाही. 'आपण कुणाला घाबरत नाही' यातला 'आपण' तर बहुधा एकटाच असतो.

त्याच विद्यार्थ्याने दिंडोरीकडील एका द्राक्ष बागायतदाराच्या पोस्ट, अर्थात त्यांच्या संमतीने, तपासल्या. गारपीट, डावणी आणि भुरी (हे द्राक्षवेलीवरचे रोग), कर्ज हे शब्द वारंवार आल्यामुळे संगणकाने त्यांना चिंताग्रस्त ठरवले आणि 'गोडी छाटणी'तील (फळांसाठी वेलींची केली जाणारी छाटणी) 'गोडी' प्रेमभावनेच्या खात्यात टाकली. प्रत्यक्षात त्यांनी स्वतः भरलेल्या स्वभावविषयक प्रश्नावलीत भावनिक स्थैर्याचे गुण आमच्या गटात सर्वाधिक होते. पोस्ट गारपिटीच्या पंधरवड्यातल्या होत्या, एवढेच. तेव्हापासून मी पूर्ण वर्षाचा मजकूर मागतो आणि मोजणीपूर्वी पन्नास पोस्ट छापून, हाती पेन्सिल घेऊन वाचतो, कारण 'जातो' यातला कर्ता 'मी' की 'तो', हे संदर्भावाचून कळत नाही. ज्यांना याचा कंटाळा येतो, त्यांनी हे काम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फॉरवर्ड केलेले सुविचार आधी वगळावेत; ती त्या व्यक्तीची भाषा नव्हे. रोमन लिपीतले 'मी' तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते, तेही पाहावे.

दहा पोस्टवरून निकाल देण्याची घाई तर अनाकलनीय आहे. 75,000 फेसबुक वापरकर्त्यांच्या लेखनावरील 2013 च्या गाजलेल्या अभ्यासातही प्रत्येकाचे किमान 1,000 शब्द आवश्यक मानले होते. एवढे करूनही अशा अंदाजांचा प्रश्नावलीशी सहसंबंध साधारणतः 0.3 ते 0.4 इतकाच भरतो (पूर्ण जुळणी म्हणजे 1). त्यामुळे मागे एका कारखान्याने उमेदवारांच्या पोस्ट तपासून भरतीसाठी यादी मागितली, तेव्हा मी त्यांना नकार कळवला.