आगमनकाळात रोज पाच-सहा ओव्या

नाताळाआधीचा चौथा रविवार आला की आगमनकाळ, म्हणजे नाताळाच्या तयारीचा काळ, सुरू होतो, आणि आपल्या मराठवाड्यात नेमकी तेव्हाच कापसाची वेचणी, हरभऱ्याला पाणी आणि लग्नाची आमंत्रणं एकदम येतात. सहा वाजता अंधार. त्यात पंपाची लाईट रात्रीच्या पाळीला असेल तर कौटुंबिक प्रार्थना कोण घेणार?

बरेच जण १ ते २४ डिसेंबर बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाचा (येशूच्या जीवनकथेचा) रोज एक अध्याय वाचायचं ठरवतात, कारण अध्याय बरोब्बर २४ आहेत. पण पहिल्याच अध्यायात ८० ओव्या (वचनं)! तिसऱ्या दिवशी गाडी अडते. शिवाय २४ तारखेला आपण पुनरुत्थानाच्या अध्यायावर असतो आणि घरात करंज्या तळणं चालू असतं, ते मला काही जुळत नाही.

त्यापेक्षा फक्त पहिले दोन अध्याय घ्या, येशूच्या जन्माची गोष्ट त्यांतच आहे. ८० आणि ५२, मिळून १३२ ओव्या. रोज पाच-सहा वाचल्या तर नाताळाच्या आदल्या रात्री संपतात. वाचायला दोन मिनिटंही लागत नाहीत. वेळ घड्याळावर ठरवू नका, कामाला बांधा: शेवटची भाकरी तव्यावरून उतरली की वाचायचं. घरातला कोणी पाणी द्यायला शेतात असेल तर त्याला फोनवर वाचून दाखवा. मेंढपाळांची गोष्ट (दुसरा अध्याय, आठव्या ओवीपासून) तर मुद्दाम त्याच्यासाठीच ठेवा. तेही रात्री रानातच जागत होते.