पीए अ‍ॅम्प्लिफायर लावताना या चुका टाळा

सभा सुरू व्हायला पाच मिनिटं उरलेली असतात. वक्ता माइकपाशी येऊन "ऐकू येतंय का?" विचारतो आणि भोंग्यातून फाटका, दबका आवाज येतो. मग समोरच्या बटणांशी झटापट सुरू होते. आवाज वाढव, बास फिरव, माइक बदल. मी आजवर जेवढे पीए (सभेत माइकचा आवाज सगळ्यांपर्यंत पोचवणारे) संच जोडले किंवा बिघडल्यावर तपासले, त्यांत समोरच्या बटणांचा दोष फार थोड्या वेळा निघाला. चूक बहुतेक वेळा मागच्या पट्टीवर असायची, जिथे स्पीकरच्या तारा स्क्रूखाली आवळतात. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

मागची पट्टी वाचल्याशिवाय तार लावणं

पट्टीवर साधारणपणे कॉम (सामाईक स्क्रू), ४, ८ आणि १६ ओहम, ७० व्होल्ट, १०० व्होल्ट असे स्क्रू असतात. एक तार कॉमला आणि दुसरी बाकीच्यांपैकी एकाच स्क्रूला लावायची. कोणत्या, ते स्पीकरांचा एकूण इम्पीडन्स, म्हणजे विजेच्या सिग्नलला होणारा त्यांचा ओहममधला विरोध, ठरवतो. ८ ओहमची दोन युनिटं (भोंग्यातले आवाज काढणारे भाग) समांतर जोडली की ४ ओहम होतात, एकामागोमाग सीरीजमध्ये जोडली की १६. १६ ओहमची चार युनिटं समांतर जोडली तरी ४ च. इथवर ठीक. पण ८ ओहमची तीन समांतर जोडली की आकडा २.७ च्या आसपास येतो आणि त्यासाठी पट्टीवर स्क्रूच नसतो. तरी ती ४ वर लावली जातात. सुरुवातीला चालतातही. मग ऐन भाषणात अ‍ॅम्प्लिफायर तापतो, प्रोटेक्शनचा दिवा लागतो किंवा फ्यूज जातो.

एक नियम पाठ ठेवा. स्पीकरांचा एकूण ओहम स्क्रूवरच्या आकड्याइतका किंवा त्याहून जास्त असावा, कमी कधीच नको. १६ ओहमचा लोड (जोडलेले स्पीकर) ८ च्या स्क्रूवर लावला तर पॉवर साधारण निम्मी मिळते, बिघडत काही नाही. याच्या उलट केलं तर काय होतं ते पाहा. १०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर १६ ओहमच्या स्क्रूवर पूर्ण आवाजात ४० व्होल्ट देतो. तिथे ४ ओहमचा लोड टांगला तर तो ४०० वॉट मागू लागतो. एवढे देणं अ‍ॅम्प्लिफायरला झेपत नाही आणि द्यायच्या प्रयत्नात तो जळतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे ट्रान्सफॉर्मर नसलेलं युनिट थेट १०० व्होल्टच्या स्क्रूला लावणं. "१०० चा आकडा मोठा, म्हणजे आवाज मोठा" अशी समजूत त्यामागे असते. या स्क्रूचा उपयोग वेगळा आहे आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. १०० वॉट ४ ओहमवर पाठवायचे तर तारेतून ५ अँपियर जातात, १०० व्होल्टवर पाठवायचे तर फक्त १. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार १०० मीटर लांब नेली तर जाऊन-येऊन तिचा रोध २.३ ओहमच्या जवळपास भरतो. ४ ओहमच्या जोडणीत एक तृतीयांशाहून जास्त पॉवर तारेतच खर्च होते. १०० व्होल्ट लाइनवर हेच नुकसान २ टक्क्यांच्या आसपास राहतं. लांबच्या भोंग्यांसाठी लाइन वापरतात ती यासाठी.

मात्र लाइनवरच्या प्रत्येक युनिटला स्वतःचा लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर हवाच. त्याच्या एका बाजूला वॉटचे टॅप (युनिटला किती वॉट द्यायचे ते ठरवणाऱ्या जोडणीच्या जागा) असतात, दुसऱ्या बाजूला युनिटचे ओहम. दोन्हीकडे बरोबर जागा निवडायची. इथे ओहमचा हिशेब करत बसावं लागत नाही, फक्त टॅपचे वॉट मिळवायचे. १०० वॉटच्या अ‍ॅम्प्लिफायरवर २० वॉटचे चार टॅप म्हणजे ८० वॉट झाले. मी यापुढे जात नाही, थोडी जागा मोकळी ठेवतो. आणि काही भोंगे ओहमवर, काही लाइनवर असं एकाच वेळी करू नका.

आवाज दबका येत असेल किंवा प्रोटेक्शन लागत असेल तर अ‍ॅम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या सगळ्या तारा काढा. जवळ ठेवलेलं एक खात्रीचं युनिट आखूड तारेने, त्याच्या ओहमच्या स्क्रूला लावा. स्वच्छ वाजलं तर अ‍ॅम्प्लिफायर ठीक आहे, दोष लाइनीत. मग लाइन मधोमध तोडून आधी अलीकडचा भाग जोडा. तो चालला तर दोष पलीकडे. दर वेळी शोधायची लांबी निम्मी होते. मल्टिमीटरवर मात्र इथे भिस्त ठेवू नका. ८ ओहमचं चांगलं युनिट मीटरवर ६-७ दाखवतं, ते बरोबरच आहे, कारण मीटर डीसी रोध मोजतो. ट्रान्सफॉर्मर लावलेली लाइन तर त्याच्या खऱ्या लोडपेक्षा फार कमी दाखवते, आणि चांगल्या लाइनीला शॉर्ट समजून माणूस खांबावर चढतो.

चालू अ‍ॅम्प्लिफायरच्या स्क्रूंना हात लावू नका. १०० व्होल्टचा झटका खरा असतो. उघडे जोड, ओली जमीन आणि पाऊस एकत्र आले तर तो जिवावर बेतू शकतो. जोडांना इन्सुलेशन टेप लावा, नुसता पीळ मारून सोडू नका.

सीटी वाजली की आवाज कमी करणं

तो तात्पुरता उपाय आहे. भोंग्यातला आवाज माइकमध्ये शिरतो, पुन्हा वाढून बाहेर पडतो आणि हे चक्र सुरू राहतं, त्यातून हाऊलिंग होतं. भोंगे माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून असले पाहिजेत. वक्त्याच्या पाठीमागे भोंगा बांधला की कोणताही महाग माइक शिट्टी मारणारच.

याहून मोठा फरक अंतराने पडतो. तोंड आणि माइक यांतलं अंतर ४० सेंटिमीटरवरून २० वर आणलं तर माइकला ६ डेसिबल जास्त आवाज मिळतो. अ‍ॅम्प्लिफायर बदलून तेवढी वाढ मिळवायची तर चौपट वॉटचा लागेल, आणि त्याने सीटीही तितकीच वाढेल. म्हणून वक्त्याला विनंती करून माइक जवळ घ्यायला लावणं हे आपलं कामच आहे, त्यात संकोच नको. माइकची जाळी मुठीत धरू देऊ नका. मागून येणारा आवाज टाळण्यासाठी माइकला दिलेल्या फटी त्याने बंद होतात. जो माइक वापरात नाही तो बंद ठेवा. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की सीटीपूर्वीची मोकळीक सुमारे ३ डेसिबलने घटते.

मोबाइलवरून गाणं लावताना

एकदा एका हॉलमध्ये संगीत छान वाजत होतं, पण गायिकेचा आवाजच गायब होता. तिथल्या लोकांनी स्पीकर बदलले, अ‍ॅम्प्लिफायर बदलला, फरक शून्य. मोबाइलची स्टिरिओ वायर थेट बॅलन्स्ड इनपुटमध्ये खोचली होती. असं इनपुट दोन तारांतला फरक तेवढा घेतं. गायिकेचा आवाज डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंत सारखाच असतो, त्यामुळे तो वजा होऊन जातो. उरतात ती कडेची वाद्यं. अशी वायर ऑक्समध्ये, म्हणजे मोबाइलसारख्या साधनांसाठी दिलेल्या इनपुटात, लावा. दोन्ही चॅनेल एक करायचे असतील तर प्रत्येकात रेझिस्टर घालून करा, नुसते एकमेकांना चिकटवू नका.

ऑक्सची वायर माइकच्या इनपुटात लावणं हीसुद्धा नेहमीची चूक. माइक काही मिलिव्होल्ट देतो, मोबाइल शेकडो. बटण जरासं उघडलं की आवाज फाटतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं भोंगा गेला.

लॅपटॉप जोडताच घूंऽऽ असा आवाज आला तर आधी चार्जर काढून पाहा. थांबला तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून आवाजाच्या वायरीत नको तो प्रवाह शिरतोय. मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. आवाज जावा म्हणून अ‍ॅम्प्लिफायरच्या पिनेतली अर्थिंग तोडणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून हे करू नका. आतली एखादी तार बॉडीला लागली, तर माइक हातात धरलेल्या माणसाला ती अर्थिंगच वाचवते.

छोट्या पण युनिट मारणाऱ्या गोष्टी

भोंग्यावर बास वाढवू नका. भोंग्याच्या युनिटला खालचे स्वर झेपत नाहीत, डायफ्रॅम नुसता हिसके खातो आणि तुटतो. लाइन ट्रान्सफॉर्मरही खालच्या स्वरांनी सॅच्युरेट होतात, म्हणजे त्यांच्या क्षमतेची हद्द संपते. क्लिपचा (आवाज क्षमतेबाहेर गेल्याचं दाखवणारा) दिवा अधूनमधून लुकलुकला तर चालेल, सतत पेटलेला नको. फ्यूज गेला तर त्याच रेटिंगचा लावा. जागी तार गुंडाळली की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जातो. बॅटरीवर चालवताना प्लस-मायनस दोनदा बघा आणि तार जाड, आखूड घ्या, कारण १२ व्होल्टवर मोठा अ‍ॅम्प्लिफायर १० अँपियरहून जास्त ओढतो. सुरू करताना अ‍ॅम्प्लिफायर शेवटी, बंद करताना सर्वांत आधी.

शेजारी-शेजारी एकाच दिशेला लावलेले दोन स्पीकर मिळून एकापेक्षाही पातळ वाजत असतील तर एकाच्या तारा उलट लागल्या आहेत. अदलाबदल करून पाहा.

सगळं जोडून झालं की कुणाला तरी माइकवर वर्तमानपत्रातला एखादा मजकूर वाचायला सांगा. "हॅलो, वन टू थ्री" उपयोगाचं नाही, ते शब्द आपल्याला आधीच माहीत असतात. मजकूर सुरू असताना स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसा. आवाज येतोय पण शब्द कळत नाहीत, असं झालं तर आवाज वाढवू नका. आधी बास उतरवा, मग भोंग्याचं तोंड डोक्यांच्या वर आहे का ते पाहून खाली वळवा. दूरचे आणि जवळचे भोंगे एकाच जागी ऐकू येत असतील तर शब्द दोनदा ऐकू येतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून ३४ मीटर मागचा भोंगा एक दशांश सेकंद उशिरा पोचतो. तिथे लांबच्या भोंग्याचा टॅप कमी करा आणि पुन्हा त्याच खुर्चीत बसून ऐका.