थीसिससाठी कोच लावलाय? मग या चुका टाळा

"मॅडम, या आठवड्यात काहीच झालं नाही, आजचं सेशन पुढे ढकलूया का?" असा मेसेज मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. उत्तर ठरलेलं: नाही, वेळेवर ये. काम धडाक्यात चाललेलं असतं त्या आठवड्यात माझ्याशी बोलून तुला मिळणार तरी काय?

एम.ए.चा प्रबंध असो की पीएचडी, दुखणं बहुतेकांचं एकच. अर्धवट काम कुणाला दाखवायचं नाही. बाकीच्या चुका बऱ्याचशा याच्याच पोटी जन्मतात.

गाईडला चुकवणं

या चुकीवर माझा विशेष राग आहे, कारण तिच्यापायी मीही फसले आहे. एक मुलगी होती, पीएचडीचं तिसरं वर्ष. दर सेशनला चार रंगांत रंगवलेलं वेळापत्रक घेऊन यायची. सकाळी साडेसहा ते आठ लेखन, आठ ते साडेआठ उजळणी, आणि असंच रात्रीपर्यंत. मी आपली तीन सेशन त्या वेळापत्रकाची डागडुजी करत बसले. चौथ्या वेळी सहज विचारलं, "गाईडशी शेवटचं कधी बोललीस?" ती पेनाचं टोपण उघडझाप करत राहिली. पाच महिने झाले होते. दुसरं प्रकरण नव्याने मांडायला सांगितलं होतं, ते मनासारखं जमलं नाही म्हणून ईमेल नाही, आणि ईमेल नाही म्हणून विभागात शिरायचं ते मागच्या जिन्याने. जितका उशीर तितकं प्रकरण दमदार हवं, असा तिचा हिशेब. पाच महिन्यांच्या उशिराला शोभेल असं प्रकरण कोण लिहिणार?

तिथेच बसवून ईमेल लिहायला लावली. पहिला खर्डा एकोणीस ओळींचा, त्यातल्या चौदा माफीच्या. आजारपण, बिघडलेला लॅपटॉप, मग पुन्हा माफी. ते सगळं काढल्यावर उरलं ते असं: "सर, दुसरं प्रकरण अडलं आहे. मांडणी दोन प्रकारे करून पाहिली, दोन्ही जोडते आहे. कोणती पुढे न्यावी यासाठी पंधरा मिनिटं हवी आहेत. बुधवारी किंवा गुरुवारी जमेल का?" तिने मान फिरवून बटण दाबलं. संध्याकाळी उत्तर आलं: "गुरुवारी चार वाजता. दुसरी मांडणी बरी वाटते." पाच महिन्यांचा उल्लेखसुद्धा नाही. सगळेच गाईड असे नसतात, मान्य. काही जण आधी चांगलं झापतात. पण पाच महिने मागच्या जिन्याने जाण्यापेक्षा ते परवडलं.

तेव्हापासून मी प्रत्येकाला दर पंधरा दिवसांनी गाईडला तीन ओळी पाठवायला लावते: काय केलं, कुठे अडलं, काय हवं. पहिली ओळ "काही नाही" अशी असली तरी ईमेल जाते. आणि वेळापत्रक बघायच्या आधी मी गाईडचं विचारते.

"आधी सगळं वाचून घेतो, मग लिहितो"

एकाच्या लॅपटॉपवर तीन फोल्डर होते: 'वाचायचे', 'महत्त्वाचे वाचायचे' आणि 'हे तरी वाच'. तिसऱ्यात दोनशेवर पीडीएफ. लिहिलेलं एकही पान नाही. झोटेरोत, म्हणजे संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, लेख टाकला की वाचल्याचं पुण्य लागतं, अशी काहीतरी समजूत असावी. लेख वाचून झाला की बंद करा आणि न बघता चार ओळी लिहा. लेखक काय म्हणतो, कशाच्या आधारावर, माझ्या प्रश्नाशी त्याचा काय संबंध. लिहिता आलं नाही तर पुन्हा वाचा. मी हे पाठकोऱ्या कागदावर हाताने करते, तुम्ही कशावरही करा. पूर्वसाहित्याचा आढावा याच ओळींतून उभा राहतो.

हा आढावा एआयकडून एका दुपारी लिहून घेणारे हल्ली वाढलेत. अस्तित्वातच नसलेल्या लेखांचे संदर्भ एआय बिनदिक्कत देतं. तोंडी परीक्षेत कुणी "या लेखातली पद्धत जरा सांगा" म्हटलं, की तुमचं तुम्ही बघा.

दिवसांचा अंदाज

१९९४ साली ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, किती दिवसांत संपेल? सरासरी उत्तर ३३.९ दिवस. सगळं वाईटात वाईट घडलं तर? ४८.६. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणून कुणी "महिन्यात देतो" म्हणालं की मी डायरीत पावणेदोन महिने लिहिते. पोरं चिडतात, चिडू देत.

बाकीचं भराभर सांगते. पोमोडोरो म्हणजे पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती. त्यासाठी ॲप निवडण्यात सकाळ घालवू नका. ही पद्धत काढणाऱ्या फ्रान्सेस्को सिरिलोचं काम स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवर भागलं होतं. कोचला प्रकरण तपासायला देऊ नका. तुमच्या विषयातलं मला कळत नाही, आणि कळत असतं तरी ते गाईडचं काम. झोप आणि भूक कित्येक आठवडे उडाली असेल तर आधी डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा, मी नंतर. आणि "दोन सेशनमध्ये फरक पडेल ना?" असं विचारणाऱ्यांनी कृपया तिसऱ्यालाही यावं.

पहिल्या सेशनला वेळापत्रक आणू नका. तुमचं सगळ्यात रखडलेलं पान आणा, अर्ध्या वाक्यावर तुटलेलं असलं तरी चालेल. फाईल आदल्या दिवशी दुपारीच पाठवून द्या. पहाटे तीनला आली, की रात्रभर तुम्ही ती माझ्यासाठी सजवत होतात हे मला कळतं.