आन्सी तलावाला सायकलने फेरी: कुठे गाड्या नाहीत, कुठे आहेत

फ्रान्सच्या आल्प्समधल्या आन्सी तलावाभोवतीची सायकल फेरी साधारण 40 किलोमीटरची. ‘गाड्यांचा त्रास नसलेली फेरी’ अशी तिची ख्याती आहे, पण ती निम्म्याच तलावाला लागू पडते. पश्चिम किनाऱ्यावर मोटारींना बंदी असलेला सलग डांबरी मार्ग आहे. पूर्व किनाऱ्यावर मात्र कुठे वेगळी मार्गिका, कुठे रस्त्याच्या कडेला रंगवलेला पट्टा आणि मधे काही ठिकाणी सरळ गाड्यांबरोबरचा रस्ता. हा फरक निघण्याआधीच पक्का डोक्यात ठेवा. लहान मुलांना घेऊन चुकून पूर्वेला लागलात तर चढावर, गाड्यांच्या शेजारी, दमलेल्या मुलांसकट अडकायला होतं.

पश्चिमेचा मार्ग म्हणजे जुनी रेल्वेलाइन. आन्सी ते आल्बेर्व्हील ही लाइन 1901 मध्ये सुरू झाली, प्रवासी वाहतूक 1938 मध्ये थांबली आणि पुढे त्याच वाटेवर ‘व्वा व्हेर्त’ म्हणजे हरितमार्ग झाला. आगगाडीला तीव्र चढ सोसत नाही, म्हणून इथे चढउतार फारसे जाणवतच नाहीत आणि वळणंही लांब, संथ आहेत. आन्सीहून सव्रिए, सँ-जोरिओ, दुअँ आणि दूसार ही गावं ओळीने लागतात. दुअँ साधारण 13 किलोमीटरवर, दूसार त्यापुढे पाच-सहा. मुलं बरोबर असतील किंवा बऱ्याच वर्षांनी सायकलवर बसत असाल, तर दुअँपर्यंत जाऊन त्याच वाटेने परत या. 26 किलोमीटर होतात आणि उजव्या-डाव्या बाजूला डोंगर-तलाव दोन्ही पुरेपूर दिसतात. पूर्ण फेरी मारली नाही म्हणून काही हुकत नाही.

या भागातल्या गावांच्या नावाशेवटी पाटीवर ‘झेड’ दिसला तरी तो बहुतेक वेळा उच्चारायचा नसतो. म्हणून सँ-जोरिओ, आणि वरची खिंड फोर्क्ला. रस्ता विचारताना याचा उपयोग होतो.

सायकल भाड्याने घेताना

दुकानात सायकल हातात आली की सगळ्यात आधी ब्रेक बघा. आपल्याकडे बहुतेक सायकलींचा उजवा लिव्हर पुढच्या चाकाचा आणि डावा मागच्या. फ्रान्समध्ये बरोबर उलटं: डावा पुढचा, उजवा मागचा. खात्री करायला पुढचं चाक जरा उचलून हाताने गरकन फिरवा आणि डावा लिव्हर दाबा. चाक थांबलं तर तोच पुढचा. एवढं कळून भागत नाही, कारण अचानक कुणी आडवं आलं की डोकं नाही, सवय ब्रेक दाबते. आपण घाबरून ‘मागचा’ समजून डावा करकचून दाबतो, तो असतो पुढचा, आणि उतारावर मागचं चाक हवेत जातं. म्हणून मोकळ्या जागेत अगदी हळू चालवत आठ-दहा वेळा फक्त उजव्याने थांबायचा सराव करा. मग दोन्ही एकत्र, उजवा आधी. बरोबरच्या प्रत्येकाकडून हे करून घ्या. अनुभवी सायकलस्वाराला तर याची जास्तच गरज, कारण त्याची सवय जास्त मुरलेली असते.

सीटची उंची घरीच मोजून न्या. पेडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये टिपून ठेवा. माप नसेल तर अनवाणी उभं राहून जमिनीपासून दोन्ही मांड्या जिथे मिळतात तिथपर्यंत मोजा आणि 0.883 ने गुणा. सुरुवात करायला हा आकडा पुरतो. स्वतःची क्लिपलेस पेडल्स (खास बूट ज्यात अडकतात ती) नेणार असाल तर लक्षात असू द्या, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. जोर लावून भलतीकडे आवळलं की दांड्याचे आटे जातात आणि भरपाई आपल्याला द्यावी लागते.

हवेचे आकडे तिथे बारमध्ये असतात. 1 बार म्हणजे 14.5 पीएसआय. 28 मिलिमीटरच्या टायरला 70 किलोच्या माणसासाठी पुढे साडेचार आणि मागे पाच बार ठीक. दगडासारखं कडक फुगवू नका. झाडांच्या मुळांनी डांबर उचललं गेलं असेल तिथे असा टायर उसळतो आणि मनगटं दुखतात. फारच कमी हवा ठेवली तर तीच उचललेली कड रिमपर्यंत पोचते आणि ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. एक जादा ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर आणि त्या व्हॉल्व्हला बसणारा पंप दुकानातूनच मागून घ्या. रोड सायकलला बारीक, लांबट प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. हवा भरण्याआधी त्याच्या टोकाची चकती सैल करावी लागते.

उजवीकडून

सगळं उजव्या बाजूने. सकाळी ताजेतवाने असताना हे जमतं. चूक होते ती चहा-पाण्याला थांबून पुन्हा निघताना, रिकाम्या रस्त्यावर. निघताना दर वेळी एकमेकांना ‘उजवीकडे’ म्हणायची सवय लावा. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. गोल चौकात घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने जायचं. ज्या चौकात काहीच खूण नसते तिथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी, मग ती गल्लीतून येणारी गाडी का असेना.

पाट्यांपैकी तीन ओळखता आल्या तरी पुष्कळ. निळ्या गोलात पांढरी सायकल: हा मार्ग सायकलवाल्यांना सक्तीचा. निळ्या चौकोनात सायकल: मार्ग सायकलसाठी आहे, पण वापरायचा की नाही तुमची मर्जी. निळ्या चौकोनात पायी माणूस, सायकल आणि घोडेस्वार एकत्र: हा हरितमार्ग. ही तिसरी पाटी नीट बघा. मार्ग फक्त सायकलचा नाही. चालणारे, स्केटिंगवाले, बाबागाडी ढकलणारे सगळे तिथे हक्काने असतात.

घंटी कायद्यानेच लागते. सायकल चालवताना कानात इअरफोन चालत नाहीत, दंड 135 युरो. बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे. ते मागच्या सीटवर बसले असले तरीही. मोठ्यांना सक्ती नाही, तरी घाला.

हरितमार्गावर कुठे बिघडतं

गाड्या नाहीत म्हणून लोक निर्धास्त होतात आणि नेमके तिथेच पडतात. पहिली जागा आन्सीतून निघाल्यावरचा मारकीझाचा पट्टा. एका बाजूला पोहण्याच्या जागा, दुसऱ्या बाजूला वाहनांचा रस्ता, त्यामुळे उन्हाळ्यात टॉवेल खांद्यावर टाकलेली मंडळी न बघता आडवी जातात. इथे वेग करू नका, कितीही सपाट असलं तरी.

दुसरी जागा म्हणजे छोटे रस्ते मार्गाला छेदतात ते. मोटारी आत शिरू नयेत म्हणून तिथे खांब असतात. पुढच्या सायकलच्या अगदी मागे चिकटून जाणाऱ्याला खांब शेवटच्या क्षणी दिसतो. गटात असाल तर पुढच्याने हात करून ‘खांब’ असं ओरडायचं आणि मागच्यांनी एका रांगेत यायचं. गिअर थांबण्याआधी हलका करा, थांबल्यावर नाही. जमिनीवर तुमच्या बाजूला उलटा त्रिकोण किंवा ‘स्टॉप’ असेल तर थांबायचं तुम्ही. काही ठिकाणी गाडीवाले सौजन्याने थांबतात, पण त्याच्यावर विसंबू नका.

तिसरी जागा दुअँचा बोगदा. रेल्वेचाच जुना बोगदा, आत दिवे आहेत, तरी लख्ख उन्हातून शिरताना पहिले काही सेकंद डोळ्यांना काहीच दिसत नाही. समोरून येणाऱ्यांचीही तीच गत असते. तोंडाशी पोचण्याआधीच वेग निम्मा करा, काळा गॉगल कपाळावर सरकवा, पुढचा-मागचा दिवा लावा, उजव्या भिंतीच्या बाजूने राहा आणि घंटी वाजवा. आत फोटोसाठी थांबू नका. बाहेर पडल्यावर थांबायला हवी तेवढी जागा आहे. आतला गारवा घामट अंगाला एकदम लागतो, पातळ जाकीट खिशात असलेलं बरं.

पूर्ण फेरी

रोजची 40 किलोमीटरची सवय असेल तर फेरी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मारा, म्हणजे आधी पूर्व किनारा. कारणं तीन. उजवीकडून चालवताना तलाव आपल्याच बाजूला राहतो. चढ सुरुवातीलाच संपतो. आणि पूर्वेचे डोंगर, विशेषतः 2351 मीटर उंच तूर्नेत, सकाळचं ऊन अडवून धरतात, त्यामुळे चढाला सावली मिळते. साडेसहा-सातला निघा. तेव्हा पूर्वेच्या रस्त्यावर गाड्या कमी असतात आणि परतीच्या हरितमार्गावरही रविवारची गर्दी उसळण्याआधी बरंचसं अंतर कापून होतं.

आन्सीहून व्हेरिएपर्यंत सोपं. पुढे डी909 आणि डी909ए हे दोन रस्ते फुटतात. डी909 चढत ब्लुफीच्या खिंडीला जातो, आपल्याला हवा डी909ए, मांतों आणि तालवारचा. 2009 च्या तूर द फ्रान्समध्ये याच तलावाभोवती 40.5 किलोमीटरची वैयक्तिक टाइम ट्रायल (प्रत्येकाने एकट्याने, घड्याळाशी स्पर्धा) झाली आणि आल्बेर्तो कोन्तादोरने जिंकली. ती मुद्दाम ब्लुफीवरून नेली होती. तिचा माग काढणारे नकाशे पुष्कळ फिरतात, ते डोळे झाकून फोनमध्ये घेतलेत तर जादा चढ पदरी पडतो. मांतोंनंतरचा चढही शंभरेक मीटर उंचीचा आहेच. रस्ता वळणाचा, मागून गाड्या येणाऱ्या, त्यामुळे इथे एका रांगेत चला आणि शेजारी-शेजारी गप्पा हरितमार्गासाठी राखून ठेवा. तालवारहून उतार लागतो. ब्रेकचा सराव केला होता तो इथे कामी येतो: वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही. आंगोंनंतर रस्ता पुन्हा तलावाच्या काठाला येतो आणि दूसारजवळ हरितमार्ग मिळतो.

पाणी गावातल्या नळांवर भरता येतं, पण ‘ओ नों पोताब्ल’ अशी पाटी असेल ते पिण्याचं नाही. दुपारी बारा ते दोन बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा खायला सकाळीच बेकरीतून घ्या. शाकाहारी मंडळींनी एक पाहून घ्यावं: इथलं प्रसिद्ध रब्लोशों चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजलेलं असतं. उन्हाळ्यात दुपारनंतर डोंगरावर गडगडाटी पाऊस येऊ शकतो. तूर्नेतच्या माथ्यावर काळे ढग साचायला लागले की झाडाखाली नाही, पक्क्या छपराखाली जा. अपघात झाला तर 112.

आणखी लांब जायचं असेल तर दूसारहून डावीकडे वळून त्याच रेल्वेवाटेने फाव्हेर्ज आणि पुढे यूजीन. आन्सीहून यूजीन साधारण 35 किलोमीटर, आल्बेर्व्हील 45 च्या आसपास. पण परतीचा हिशेब आधीच करा. ज्या लाइनवरून तुम्ही सायकलने आलात तीच बंद झाली आहे, त्यामुळे आल्बेर्व्हीलहून आन्सीला थेट आगगाडी नाही. रेल्वेने परतायचं तर शांबेरीच्या बाजूने मोठा वळसा घालावा लागतो. पाय थकले असतील तर यूजीनवरूनच मागे फिरा.