वचन सांगताना पुढची ओळही सांगावी

आषाढी वारीत माउलींची पालखी सातारा जिल्ह्यात लोणंदला मुक्कामी असली, की राहुट्यांतून श्रद्धेवर चर्चा रंगते आणि गीतेतील ‘कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन’ कोणीतरी हमखास म्हणतो. हा दुसऱ्या अध्यायातील ४७ व्या श्लोकाचा केवळ पूर्वार्ध आहे. उत्तरार्धातील ‘मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि’, म्हणजे काम न करण्याचीही ओढ नसावी, हा इशारा गाळला की तेच वचन आळसाची ढाल बनते. म्हणून आधी मागचा-पुढचा श्लोक वाचावा, अध्याय व क्रमांक सांगावा आणि लगेच मराठीत अर्थ उलगडावा. संस्कृत ऐकून श्रोता गप्प बसला, म्हणजे त्याला पटले असे मुळीच नव्हे. शब्द नेमके आठवत नसतील, तर ‘आशय असा आहे’ एवढेच म्हणावे. तुकोबांच्या नावावर मोबाइलवर फिरणाऱ्या ओळी गाथेत पडताळून घ्याव्यात. समोरची व्यक्ती तो ग्रंथ प्रमाण मानत नसेल, तर वचनाचा दाखला पुरावा म्हणून पुढे न करता ते आपल्याला का भावले, हे सांगावे आणि तिच्या ग्रंथातले एखादे वचन तिच्याच तोंडून ऐकावे. एका बैठकीत एकदोन वचने पुरेत. त्यापुढे (अनुभवाने सांगतो) मंडळी चहाला उठतात.